मोटर उलटी फिरते तेव्हा
(बी. ए. भाग २)

वार्षिकांकासाठी साहित्य द्यावे, अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा वर्गातील कुणी कविता दिल्या, कुणी प्रवासवर्णन दिले. मी मोटरवर लिहिणार आहे असे सांगताच हशा पिकला. “कला शाखेच्या मुलीने मोटरवर लिहायचे, मग विज्ञान शाखेने काय अभंगांवर लिहायचे?” असे एका मैत्रिणीने विचारलेही. प्रश्न थट्टेचा होता, पण उत्तर देण्यासारखा आहे. विज्ञान शाखेने अभंगांवर अवश्य लिहावे. ज्ञान ही कुणा एका शाखेची मिरास नव्हे. आणि ज्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेले नाही, त्या घरातून जी मुलगी महाविद्यालयाची पायरी चढते, तिला तर आपला विषय कोणता आणि परका कोणता, हे ठरविण्याची चैन परवडत नाही. घरचे लोक तिला सगळेच विचारतात. बँकेचा अर्ज तिनेच भरायचा, औषधाच्या बाटलीवरचे तिनेच वाचायचे आणि मोटर बिघडली तर तेही तिलाच ठाऊक असले पाहिजे!

या लेखाचा विषय अगदी लहान आहे: विजेची मोटर उलट दिशेने कशी फिरवावी? मला हा प्रश्न प्रथम एका खेळण्याने विचारला आणि दोन महिन्यांनी तोच प्रश्न आमच्या विहिरीने विचारला. म्हणून त्याच क्रमाने सांगते.

खेळण्यातील गाडी

माझा धाकटा भाऊ आमच्या गावच्या शाळेत आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याला रिमोटवर चालणारी फवारणीची गाडी करावयाची होती. सोयाबीनवर फवारणी करताना बाबांच्या अंगावर औषध उडते, ते त्याने पाहिलेले. तेव्हा माणूस बांधावर उभा राहील आणि गाडी तासातून जाईल, अशी त्याची कल्पना. जत्रेत घेतलेल्या दोन मोडक्या गाड्यांतून आम्ही दोन मोटरी काढल्या. एका गाडीतील रेडिओचा संदेश घेणारी पट्टी अजून चांगली होती. लाकडी फळीच्या डाव्या बाजूस एक मोटर, उजव्या बाजूस दुसरी, पुढे एक मोकळे चाक, अशी गाडी तयार झाली. दोन्ही मोटरींच्या लाल तारा एकत्र, काळ्या तारा एकत्र जोडल्या आणि भावाने मोठ्या ऐटीत ‘पुढे’ हे बटण दाबले.

गाडी पुढे गेली नाही. ती जागच्या जागी घाणीच्या बैलासारखी गरगर फिरू लागली. ‘मागे’ दाबले तर उलट्या अंगाने गरगर! आईला हसू आवरेना, आणि भावाच्या डोळ्यांत पाणी.

कारण शोधायला आम्हांला एक संध्याकाळ लागली. आपण दोन्ही तळहात समोरासमोर धरले तर डावा व उजवा हात एकमेकांची आरशातील प्रतिमा असतात. गाडीच्या दोन बाजूंना बसविलेल्या मोटरींचे तसेच असते. एकीचा दांडा डावीकडे तोंड करून, दुसरीचा उजवीकडे. दोन्ही स्वतःपुरत्या एकाच दिशेने फिरल्या, तरी जमिनीच्या हिशेबाने एक चाक पुढे जाते आणि एक मागे. म्हणजे गाडी सरळ जावी असे वाटत असेल, तर एका मोटरीला दुसरीच्या उलट फिरविले पाहिजे. आम्ही एकाच मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि गाडी सुतासारखी सरळ निघाली.

तारा बदलल्या की मोटर उलटी का फिरते?

हे आपण दहावीच्या पुस्तकात शिकलो आहोत. गुण मिळवून विसरलो एवढेच. इ. स. १८२० मध्ये डेन्मार्कमधील ओर्स्टेड या शास्त्रज्ञास आढळले की, तारेतून विद्युतधारा वाहू लागली की जवळची होकायंत्राची सुई हलते. म्हणजे विजेपासून चुंबकत्व उत्पन्न होते. दुसऱ्याच वर्षी, १८२१ मध्ये, इंग्लंडमधील मायकेल फॅरडे याने विद्युतधारा वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरत ठेवून दाखविली. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. बुकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना, बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शिकला. माझ्यासारख्या विद्यार्थ्यांनी हे नाव विशेष लक्षात ठेवावे.

पुढे फ्लेमिंगने डाव्या हाताचा नियम सांगितला. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी व मधले बोट एकमेकांशी काटकोनात धरावे. तर्जनी चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखविते, मधले बोट विद्युतधारेची आणि अंगठा तारेवर पडणाऱ्या बलाची. आता वाचकांनी पुस्तक बाजूला ठेवून हा प्रयोग करून पाहावा. तर्जनी तशीच ठेवून मधले बोट उलट दिशेस न्यायचे असेल तर सगळा हात फिरवावा लागतो आणि अंगठाही उलटा होतो. पण तर्जनी व मधले बोट दोन्ही उलटी केली, तर अंगठा पुन्हा होता तिकडेच येतो. या शेवटच्या वाक्यात सगळे रहस्य साठविले आहे.

खेळण्यातील मोटरीत दोन कायमचे चुंबक असतात आणि त्यांच्यामध्ये तारेची वेटोळी फिरतात. दिक्परिवर्तक व ब्रश यांच्या साहाय्याने प्रत्येक वेटोळ्यातील धारा योग्य वेळी उलटविली जाते, म्हणून फिरणे अखंड चालू राहते. सेलच्या तारा बदलल्या की वेटोळ्यातील धारा उलटते, चुंबक मात्र तेच राहतात. एकच बोट उलटले, म्हणून अंगठा उलटला.

घरातील मिक्सरची मोटर पाहा. तिच्यात कायमचा चुंबक नसतो. बाहेरचे चुंबकत्वही वेटोळ्यांतूनच निर्माण होते आणि तीच धारा आतील वेटोळ्यांतूनही जाते. प्लग उलटा खोचला, तरी दोन्ही बोटे एकदम उलटतात आणि मिक्सर पूर्वीच्याच दिशेने फिरतो. घरातील प्रत्यावर्ती धारा सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, तरी मिक्सर एकाच दिशेने फिरतो, तो याचमुळे. अशी मोटर उलटी करावयाची तर आतील किंवा बाहेरील, कोणत्या तरी एकाच वेटोळ्याची टोके बदलावी लागतात.

छताच्या पंख्याची गोष्ट आणखी निराळी. त्यात दोन वेटोळी असतात व त्यांपैकी एकीच्या मार्गात कपॅसिटर असतो. त्यामुळे एका वेटोळ्यातील धारा दुसरीच्या थोडी आधी चढते, आणि पंखा कोणत्या दिशेने निघावे हे त्यावरून ठरते. कपॅसिटर एका वेटोळ्याऐवजी दुसऱ्याला जोडला गेला की पंखा उलटा फिरतो आणि वारा खाली येण्याऐवजी छताकडे जातो. पंखा दुरुस्तीहून आल्यावर ‘फिरतो पण वारा लागत नाही’ अशी तक्रार कित्येक घरांत ऐकू येते, तिचे मूळ बहुधा इथे असते.

दुरून दिलेली आज्ञा

येथवर आपण हाताने तारा बदलल्या. पण गाडी दूर असताना तारा कोण बदलणार? हे काम चार स्विचांचा एक पूल करतो. मोटर मध्ये ठेवावी, तिच्या प्रत्येक टोकाला दोन स्विच जोडावेत: एक सेलच्या धन टोकाकडे जाणारा, एक ऋण टोकाकडे. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा स्विच लावला की धारा मोटरीतून डावीकडून उजवीकडे जाते. दुसरे दोन लावले की उजवीकडून डावीकडे. मात्र एकाच बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही स्विच एकदम लागले, तर मोटर बाजूला राहून सेल थेट शॉर्ट होतो. खेळण्यात हे स्विच म्हणजे ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांना हुकूम रेडिओच्या लहरींवरून मिळतो. स्वस्त खेळण्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका जोडीत ‘पुढे’ म्हणजे १० ठोके आणि ‘मागे’ म्हणजे ४० ठोके, असा संकेत ठरलेला असतो. गाडीतील चिप ठोके मोजते आणि त्याप्रमाणे स्विच लावते. दारावरची थाप मोजून कोण आले ते ओळखावे, तसेच हे आहे.

ही कल्पना नवी नव्हे. निकोला टेस्ला याने १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक लहान होडी सोडली आणि तारेचा कोणताही संबंध नसताना ती रेडिओलहरींनी चालवून दाखविली. त्याच वर्षी त्याला त्याचे पेटंट मिळाले. मौजेची गोष्ट अशी की, याच टेस्लाने दहा वर्षांपूर्वी, १८८८ मध्ये, प्रत्यावर्ती धारेवर चालणाऱ्या मोटरीची पेटंटे घेतली होती. भावाच्या खेळण्यातील रिमोट आणि आमच्या विहिरीवरील मोटर, या दोहोंच्या मुळाशी असा एकच माणूस आहे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. धावत्या गाडीला एकदम ‘मागे’ची आज्ञा देऊ नये. फिरणारी मोटर स्वतःही थोडी वीज निर्माण करते व ती सेलच्या विरुद्ध असते. समजा, सेल ६ व्होल्टचा, मोटरीचा विरोधी दाब ५ व्होल्ट आणि वेटोळ्याचा रोध १ ओहम आहे. तर चालू गाडीत ६ वजा ५, म्हणजे १ अँपिअर धारा वाहते. पण त्याच क्षणी तारा उलटल्या तर दोन्ही दाब एका बाजूला होतात आणि ६ अधिक ५, म्हणजे ११ अँपिअर धारा वाहू लागते! आमच्या गाडीतील एक ट्रान्झिस्टर असाच जळाला. आधी थांबावे, मग मागे वळावे. हा नियम गाडीपुरताच आहे असे मला वाटत नाही.

आता विहिरीची गोष्ट

आमचे गाव वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात आहे. खरिपात सोयाबीन व तूर, आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याचा रब्बीत हरभरा व गहू, असे आमच्याकडील शेतीचे गणित. आजोबांच्या काळी विहिरीवर मोट होती. बैल धावेवरून पुढे जात तेव्हा मोट वर येई, आणि मोट खाली सोडायची तेव्हा तेच बैल पाठमोरे मागे सरत. पुढे जाणे जेवढे गरजेचे तेवढेच मागे येणे, हे त्या बैलांनाही ठाऊक होते. आता मोट गेली व मोटर आली. मोटरीला मागे यायचे नसते. ती मागे गेली की घात होतो.

जानेवारीत आमच्या शिवारातील डीपी जळाली. आठ दिवसांनी दुसरी बसली आणि रात्रीची लाईन सुरू झाली. गहू ओंबीवर आलेला. बाबा रात्रभर वावरात जागले, पण सकाळी पाहतात तो एरवी एका रात्रीत होणारे ओलित अर्धेही झालेले नाही. नळीतून पाणी येत होते, पण त्याला जोर नव्हता.

“हिरीचे झरेच आटले वाट्टे,” बाबा म्हणाले. तालुक्याच्या गावी एका दुकानदाराने न पाहताच सांगितले, की मोटर भरावी लागेल, नाही तर नवा पंप घ्या. आईने बचत गटातून पाच हजार रुपये उचलण्याचे ठरविले. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचे पैसे त्याच बचतीतून व्हायचे होते, हे तिने मला सांगितले नाही. पण मला ठाऊक होते.

त्या संध्याकाळी शेजारचे काका ओट्यावर येऊन बसले. तेही म्हणाले, “आमच्याही हिरीले पानी कमी झालं. पल्याडच्या वावरातही तसंच हाय म्हन्तात.” हे ऐकले आणि माझ्या मनात काहीतरी चमकले. विहिरी आटतात त्या एकेक करून, आपापल्या खोलीप्रमाणे. तीन विहिरी एकाच रात्री कशा आटतील? तीन मोटरीही एकाच रात्री कशा बिघडतील? तिघांत सामाईक असे एकच होते: नवी डीपी. आणि मला फळीवरची गरगरणारी गाडी आठवली.

“बाबा, मोटर उलटी तर फिरत नसेल?”

“मोटर त चालू हाय ना, पोरी. उलटी फिरती त पानी कसं आलं असतं?”

बाबांचा प्रश्न बिनतोड वाटतो, पण येथेच फसगत होते. आपल्या पंपातील चक्र पाण्याला मध्यातून बाहेर फेकते. ते उलटे फिरले तरी पाणी बाहेरच फेकले जाते, आत ओढले जात नाही. मात्र पात्यांचा बाक आणि भोवतीच्या कवचाचा आकार एकाच दिशेसाठी केलेला असतो. उलट फिरताना दाब पुष्कळ कमी पडतो आणि पाणी रडतखडत येते. पूर्ण बंद पडले असते तर लगेच कळले असते. अर्धे चालते म्हणून कळत नाही.

पंपाच्या अंगावर दिशेचा बाण असतो. सकाळी आम्ही मातीने भरलेला तो बाण पुसला. चालू मोटरीकडे पाहून दिशा कळत नाही. ५० आवर्तनांच्या विजेवर आमच्यासारखी मोटर मिनिटाला २८०० च्या वर फेरे घेते, डोळ्याला नुसता धुरळा दिसतो. म्हणून स्टार्टर बंद करून, मागच्या जाळीतील पंख्याचे शेवटचे फेरे पाहिले. बाण एकीकडे, पंखा दुसरीकडे!

तीन तारांचे कोडे

थ्री फेजच्या मोटरीत चुंबक नाही, सेल नाही. मग उलटे काय झाले? यासाठी मुलांच्या खेळाचे उदाहरण देते. तीन मुले त्रिकोणात उभी करावीत: लाल, पिवळा, निळा. त्यांनी याच क्रमाने टाळी वाजवावी आणि मध्ये उभ्या असलेल्या मुलाने टाळी येईल तिकडे तोंड वळवावे. तो मुलगा गोल फिरू लागेल. आता पिवळा व निळा यांनी जागा बदलाव्यात, टाळ्यांचा क्रम मात्र तोच ठेवावा. मधला मुलगा उलटा फिरेल. कोणत्याही दोघांनी जागा बदलल्या तरी हेच होईल. पण तिघेही एकेक जागा पुढे सरकले, तर फिरणे पूर्वीप्रमाणेच राहील. तीन फेजमधील धारा अशाच एकीमागून एक चढतात, त्यांच्यामुळे मोटरीत चुंबकीय क्षेत्र गोल फिरते आणि त्यामागे मोटर फिरते. नवीन डीपीवर तारा जोडताना दोन फेजची अदलाबदल झाली होती, म्हणून त्या डीपीवरील सगळ्याच मोटरी उलट्या झाल्या.

उपाय दोन होते. प्रत्येकाने आपापल्या स्टार्टरवर दोन तारा बदलाव्यात, किंवा डीपीवरच एकदा बदल व्हावा. दोन्ही उपाय एकदम झाले, तर उलट्याचे सुलटे होऊन पुन्हा उलटे होणार! पल्याडच्या वावरात एकाने वायरमनकडून आपल्या स्टार्टरवर बदल करून घेतलाही होता आणि ‘माझं पानी चांगलं हाय’ म्हणून तो निवांत होता. म्हणून सगळ्यांना एकत्र बसवावे लागले. शेवटी असे ठरले की लाईनमनला सांगून डीपीवरच दुरुस्ती करावी आणि ज्याने आधी बदल केला त्याने तो मोडावा. लाईन बंद करून लाईनमनने दोन तारा बदलल्या. काम काही मिनिटांचे. त्या रात्री पाणी पहिल्यासारखे दणदणीत आले. पाच हजार रुपये बचत गटातच राहिले.

येथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते. मी स्टार्टरला किंवा तारेला हात लावला नाही, आणि वाचकांनीही लावू नये. खेळण्यातील ६ व्होल्ट आणि थ्री फेजचे ४१५ व्होल्ट यांचा नियम एक असला, तरी क्षमा एक नाही. शिवारात विजेने गेलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. कारण आपण शोधावे, हात जाणत्याने घालावा.

चंद्रावरील माघार

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले, तेव्हा आम्ही साऱ्या गावाने ते पाहिले. त्यातून बाहेर पडलेली ‘प्रज्ञान’ ही सहा चाकांची, २६ किलो वजनाची गाडी म्हणजे एका अर्थी रेडिओवर चालणारी गाडीच. तिला द्यावयाची आज्ञा पृथ्वीवरून ‘विक्रम’कडे आणि विक्रमकडून प्रज्ञानकडे जाई. २७ ऑगस्टला तिच्यापुढे ३ मीटरवर ४ मीटर रुंदीचा खड्डा आला. शास्त्रज्ञांनी तिला आल्या वाटेने मागे फिरण्याची आज्ञा दिली आणि मग नव्या वाटेने ती सुखरूप पुढे गेली. पुढे तिने १०० मीटरहून अधिक अंतर कापले. चाकांची दिशा व वेग यांवर ताबा नसता, तर एवढ्या मोठ्या प्रवासाचा शेवट एका खड्ड्यात झाला असता.

तेव्हा तात्पर्य काय? पहिले असे की, ‘चालू आहे’ आणि ‘बरोबर चालू आहे’ या दोन गोष्टी भिन्न आहेत. दुसरे असे की, दोष दिसला म्हणजे यंत्र टाकून देण्यापूर्वी आणि विहिरीला बोल लावण्यापूर्वी, शेजाऱ्याचीही तीच तक्रार आहे का, हे विचारावे. पुष्कळदा कारण आपल्या एकट्याच्या घरात नसते.

गव्हाला पाणी पुरले तेव्हा बाबांनी विचारले, “हे तुले कॉलेजात शिकवलं काय?”

मी म्हटले, “नाही बाबा, हे धाकट्याच्या गाडीनं शिकवलं.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मंग कॉलेजात काय शिकवतेत?”

या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही. पण एवढे सांगता येईल की, तीन विहिरी एकाच रात्री कशा आटतील, हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी मला पडला नसता. पडला असता तरी चारचौघांत विचारण्याचा धीर झाला नसता. तो धीर मला या इमारतीत मिळाला. गाडीला प्रदर्शनात बक्षीस मिळाले नाही. ती घरी आली आहे, आणि आता पुढेही जाते, मागेही येते.